नव्या न्याय मंत्रालयानं पहिल्या वर्षी काय करावं

९ मे २००७, बुधवार. नवे लेटरहेड पोचले नव्हते, म्हणून त्या दिवशी आमच्या कचेरीतून सगळी पत्रं जुन्याच खात्याच्या नावानं गेली. इंग्लंडमधल्या एका क्राउन कोर्टात, म्हणजे गंभीर फौजदारी खटले चालतात त्या कोर्टात, मी तेव्हा लिस्टिंगच्या टेबलावर होते. आपल्याकडे ज्याला बोर्ड लावणं म्हणतात, तेच माझं काम. कुठला खटला कुठल्या तारखेला, कुठल्या न्यायाधीशांपुढे आणि किती वेळ चालणार, हे ठरवून यादी लावायची. २००३ पर्यंत आम्ही लॉर्ड चॅन्सेलरच्या, म्हणजे कोर्टांचा कारभार बघणाऱ्या मंत्र्यांच्या, खात्यात होतो, मग घटनात्मक व्यवहार खात्यात गेलो आणि त्या बुधवारपासून न्याय मंत्रालयात. चार वर्षांत तिसरं नाव. पण आधीच्या वेळी फक्त पाटी बदलली होती. या खेपेला गृहखातं चिरून तुरुंग, प्रोबेशन (तुरुंगाबाहेरच्या गुन्हेगारांवर देखरेख), फौजदारी कायदा आणि शिक्षेचं धोरण आमच्या बाजूला आणलं होतं. आरोपीला शिक्षा सुनावणारं कोर्ट आणि त्याला आत ठेवणारा तुरुंग, दोघांचा खर्च आता एकच मंत्री मागणार होता.

तुम्ही कुठेही अशा नव्या मंत्रालयात रुजू होत असाल, किंवा वकील, पत्रकार, कार्यकर्ते म्हणून बाहेरून त्याच्यावर लक्ष ठेवणार असाल, तर पहिल्या वर्षी काय करावं ते सांगते. मी धोरण ठरवणाऱ्यांपैकी कधीच नव्हते. पण धोरणाचा शेवट ज्या टेबलावर होतो त्या टेबलावर बसले होते, आणि तिथून काही गोष्टी स्वच्छ दिसतात.

हद्द आधी आखा

पहिल्या आठवड्यात एकच कागद तयार करा: काय आपल्याकडे आलं आणि काय आलं नाही. हे काम क्षुल्लक वाटतं म्हणून राहून जातं.

ब्रिटनमध्ये गृहखातं फोडण्यामागे मोठं कारण होतं. २००६ च्या एप्रिलमध्ये उघड झालं की १,०२३ परदेशी कैदी शिक्षा संपल्यावर, त्यांना मायदेशी पाठवायचं की नाही याचा विचारही न होता सुटून गेले. गृहमंत्री चार्ल्स क्लार्क यांचं पद गेलं. त्यांच्या जागी आलेल्या जॉन रीड यांच्या काळात, २९ मार्च २००७ ला, खात्याच्या विभाजनाची घोषणा झाली. घोषणेपासून मंत्रालय सुरू व्हायला मिळाले ४१ दिवस. एवढ्या वेळात माणसं इकडची तिकडे होतात, जबाबदाऱ्या मात्र मध्येच लोंबकळत राहतात.

लोकांच्या मनात 'न्याय मंत्रालय' म्हणजे चोर पकडण्यापासून फिर्यादीला भरपाई देण्यापर्यंत सगळं काही. प्रत्यक्षात पोलीस, इमिग्रेशन आणि दहशतवादविरोधी काम गृहखात्याकडेच राहिलं. सरकारी वकिलांची यंत्रणा अ‍ॅटर्नी जनरलच्या देखरेखीखाली होती, ती तिथेच राहिली. स्कॉटलंडची कोर्टं आणि तुरुंग तर मुळातच वेगळे. आमच्या खिडकीवर लोक यायचे आणि विचारायचे, "माझ्या मुलाला पोलिसांनी तीन महिने बोलावलंच नाही, आता तुम्हीच ना ते खातं?" त्यांना नाही म्हणणं सोपं होतं. कुणाकडे जा, हे सांगता येणं गरजेचं होतं. म्हणून त्या कागदावर 'आपलं नाही' असं जिथे लिहाल, त्यापुढे ज्याचं आहे त्याचं नाव आणि फोन नंबरही लिहा. कागद मंत्र्यांच्या फाइलीत ठेवू नका, प्रत्येक कोर्टाच्या खिडकीमागे चिकटवा.

एक कागद धरा आणि त्याच्यामागे चाला

माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं हेच आहे, म्हणून इथे जरा थांबते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे एका तरुणाला शिक्षा सुनावायची होती. कोर्टात पुकारा होण्याआधी माझ्यासमोर तीन आकडे होते. त्याच्या वकिलाच्या टिपणात ६१ दिवस, आमच्या नोंदीत ५८ आणि तुरुंगाहून आलेल्या फॅक्समध्ये ४४. हा आकडा म्हणजे खटला उभा राहीपर्यंत तो कच्चा कैदी म्हणून किती दिवस आत होता तो हिशेब. २००३ च्या फौजदारी न्याय कायद्यातलं २४० वं कलम एप्रिल २००५ मध्ये लागू झालं होतं, आणि त्यानुसार हा आकडा न्यायाधीशांनी भर कोर्टात सांगायचा होता. जेवढे दिवस सांगितले जातील तेवढेच शिक्षेतून वजा. आकडा चुकला तर माणूस तेवढे दिवस जास्त आत राहणार, किंवा तेवढे दिवस आधी बाहेर येणार.

तीन आकडे का आले? वकिलांनी पोलीस कोठडीतले तीन दिवस धरले होते. जुन्या कायद्यात ते धरले जात, नव्यात नाही. इतक्या वर्षांचा हात, जुन्या सवयीनंच चालला. तुरुंगाचा ४४ हा आकडाही त्यांच्या परीनं खरा होता, कारण त्यांच्या तुरुंगात तो ४४ दिवसच होता. त्याआधीचे १४ दिवस तो दुसऱ्या तुरुंगात काढून जामिनावर सुटला होता, मग जामिनाची अट मोडली म्हणून पुन्हा आत आला. त्या काळी प्रत्येक तुरुंगाचा संगणक आपल्यापुरता होता, एकाचं दुसऱ्याला दिसत नसे. वर पहिल्या तुरुंगात त्याच्या आडनावात एक अक्षर जास्त पडलं होतं, त्यामुळे नावावरून शोधूनही तो सापडेना.

न्यायाधीशांनी निकाल दुपारी ठेवला. मी पहिल्या तुरुंगात फोन लावला. पलीकडच्या बाईंनी रजिस्टर काढलं आणि बोटानं ओळी मोजत गेल्या. त्यांचं ते मोजणं मला फोनवर ऐकू येत होतं. "चौदा," त्या म्हणाल्या, आणि खात्रीसाठी पुन्हा पहिल्यापासून मोजलं. दुपारी कोर्टात ५८ हा आकडा सांगितला गेला. आरोपीनं मान हलवली. त्याला ५८ च अपेक्षित होते. तो आत बसून रोज मोजत होता, त्याच्याइतका बिनचूक हिशेब आमच्यापैकी कुणाकडेच नव्हता.

कायदा करणारे, शिक्षा सुनावणारं कोर्ट आणि दोन्ही तुरुंग, सगळे सहा महिन्यांपासून एकाच मंत्रालयात होते. तरी त्या १४ दिवसांचा शोध एका फोनवर आणि एका बाईंच्या बोटावर अवलंबून होता. पुढे कायदाच बदलला. ३ डिसेंबर २०१२ पासून हे दिवस आपोआप वजा होऊ लागले, न्यायाधीशांनी आकडा सांगायची गरज उरली नाही. तोपर्यंत देशभर किती दुपारी अशा मोजण्यात गेल्या असतील, ते आमच्यासारख्या कचेऱ्यांनाच ठाऊक.

म्हणून असं करा. निकाली निघालेले वीस खटले घ्या, चांगले-वाईट निवडत बसू नका, हाताला येतील ते. एकेक खटला अटकेपासून सुटकेपर्यंत एका लांब कागदावर मांडा. प्रत्येक टप्प्यावर तीन गोष्टी लिहा: कागद कुणी लिहिला, तो पुन्हा कुणी टाइप केला आणि त्याची वाट बघत कोण थांबलं. त्या तरुणाचं नाव अटक ते निकाल या प्रवासात सात वेळा हातानं टाइप झालं होतं. सात वेळा चुकण्याची संधी. जिथे एकच माहिती दुसऱ्यांदा टाइप होते तिथे लाल खूण करा. वीस कागदांवर लाल खुणा एकाच जागी दाटलेल्या दिसतील, तिथून सुधारणेला हात घाला. याला सल्लागार कंपनी लागत नाही. कोर्टाचा एक अनुभवी कारकून, तुरुंगाच्या नोंदणी शाखेतला एक माणूस आणि एक प्रोबेशन अधिकारी, असे तिघं एका टेबलाभोवती पंधरा दिवस बसवा. तिघंही प्रत्यक्ष काम करणारे हवेत. त्यांच्या साहेबांना बोलावलंत तर कागदावर नियमात काय आहे ते उतरेल, आणि तुम्हाला हवं आहे ते रोज प्रत्यक्षात काय घडतं ते.

कायद्याच्या मसुद्याला खाटांचा हिशेब जोडा

कोर्ट आणि तुरुंग एकत्र आणण्याचा खरा फायदा इथे आहे, आणि तो पहिल्याच वर्षी पदरात पाडून घेतला नाही तर पुढे कुणी घेत नाही.

नवं मंत्रालय झालं तेव्हा इंग्लंड आणि वेल्सच्या तुरुंगांत ८० हजारांच्या आसपास कैदी होते. ऑक्टोबर २००६ पासून पोलीस ठाण्यांच्या कोठड्यांतही कैदी ठेवावे लागत होते. शेवटी २९ जून २००७ पासून, ठरावीक मुदतीच्या शिक्षा भोगणाऱ्या कैद्यांना १८ दिवस आधी सोडायची योजना सुरू करावी लागली. म्हणजे मंत्रालय दोन महिन्यांचंही झालं नव्हतं तोच जागा नाही म्हणून सुटका. शिक्षा मोजूनमापून सुनावणाऱ्या न्यायाधीशांना आणि फिर्यादीला, दोघांनाही ते लागलं असणार. फिर्यादींचे फोन तर मी स्वतः घेतले आहेत. "साहेबांनी कोर्टात सांगितलेली तारीख वेगळी होती हो," असं एक आजी पुन्हा पुन्हा म्हणत होत्या.

ही वेळ अचानक येत नाही. त्याच २००३ च्या कायद्यात 'जनतेच्या संरक्षणासाठी अनिश्चित मुदतीची कैद' अशी शिक्षा आणली होती. कमीत कमी मुदत संपली तरी, माणूस आता धोकादायक नाही असं सुटकेचा निर्णय घेणाऱ्या पॅरोल मंडळाला पटेपर्यंत तो आतच. कायदा करताना सुमारे ९०० कैदी वाढतील असा अंदाज होता. प्रत्यक्षात संख्या ६ हजारांच्या वर गेली. आपण सुधारलो हे दाखवायला जे अभ्यासक्रम पुरे करायचे, तेच तुरुंगांत पुरेसे नव्हते. २०१२ मध्ये ही शिक्षा रद्द झाली, पण आधी ज्यांना ती सुनावली गेली होती त्यांची तशीच चालू राहिली. अंदाज करणारे, शिक्षा लिहिणारे आणि अभ्यासक्रमाचे वर्ग भरवणारे एकमेकांच्या शेजारी बसत नव्हते, त्याची किंमत माणसांनी वर्षानुवर्षं मोजली. याचा विचार आजही मनातून जात नाही.

तेव्हा नियम करा की शिक्षेला हात लावणारा कुठलाही मसुदा एका पानाच्या जोडपत्राशिवाय मंत्र्यांच्या टेबलावर जाणार नाही. त्या पानावर चार ओळी: यानं किती माणसं किती काळ आत वाढतील, त्यासाठी किती खाटा लागतील, त्या कोणत्या महिन्यापर्यंत तयार होतील, आणि बाहेर आल्यावर या माणसांकडे बघायला किती प्रोबेशन अधिकारी लागतील. पान लिहिणाऱ्याची सही घ्या. वर्षानं तेच पान काढून शेजारी खरा आकडा लिहा. अंदाज चुकला म्हणून कुणाला शिक्षा करू नका, नाहीतर पुढच्या वेळी अंदाज मोघम येईल. पण चुकलेला आकडा संसदेपुढे आणि लोकांपुढे ठेवा.

न्यायाधीशांशी काय बोलायचं नाही ते लिहून ठेवा

आम्ही नवे झालो तेव्हा सगळ्यात मोठी कुरबुर न्यायाधीशांकडून होती, आणि ती रास्त होती. तुरुंगाला पैसा कमी पडला की तो कुठून काढणार? एकाच तिजोरीतून, म्हणजे कोर्टांच्या वाट्यातून. कैद्याला जेवण द्यावंच लागतं, खटला मात्र पुढच्या महिन्यात ढकलता येतो.

ब्रिटनचं नशीब एवढंच की पायाभरणी आधी झाली होती. २००५ च्या घटनात्मक सुधारणा कायद्यानं मंत्र्यांवर न्यायव्यवस्थेचं स्वातंत्र्य जपण्याचं बंधन घातलं होतं. एप्रिल २००६ पासून न्यायव्यवस्थेचे प्रमुख लॉर्ड चीफ जस्टिस झाले होते आणि नेमणुकांसाठी स्वतंत्र आयोग काम करू लागला होता. तरी कोर्टांच्या पैशाचं आणि कारभाराचं काय, हे ठरवायला वाटाघाटी कराव्या लागल्या. एप्रिल २००८ पासून कोर्ट सेवा मंत्री आणि लॉर्ड चीफ जस्टिस यांच्या भागीदारीत चालू लागली. माझं मत असं की हा करार मंत्रालय सुरू होण्याच्या आधी व्हायला हवा होता. पाटी लावल्यावर वर्षभरानं नव्हे. तुम्ही उद्घाटनाची तारीख ठरवण्याआधी त्यावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. कोर्टांचा पैसा वेगळ्या शीर्षाखाली ठेवा आणि तो दुसरीकडे वळवायचा असेल तर न्यायव्यवस्थेच्या प्रमुखांना आधी लेखी कळवायचं, एवढं तरी त्यात असू द्या.

वरच्या पातळीवरचे करार ठीक, पण स्वातंत्र्य जपलं जातं ते खाली, टेबलावर. इंग्लंडमध्ये बोर्ड लावणं हे न्यायिक काम समजलं जातं. मी पगार मंत्रालयाचा घेत होते, पण यादी लावत होते आमच्या प्रमुख न्यायाधीशांच्या वतीनं. अमुक खटला आधी घ्या, तमुक लांबवा, हे मला मंत्रालयातलं कुणीही सांगू शकत नव्हतं. आमच्याकडे साधी पद्धत होती. आकडेवारीसाठी फोन आला तर द्यायची. एखाद्या चालू खटल्याचं नाव घेऊन फोन आला तर वहीत तारीख, वेळ, बोलणाऱ्याचं नाव आणि प्रश्न लिहायचा, ती वही न्यायाधीशांना दाखवायची आणि मगच काय ते उत्तर द्यायचं. फोन करणाऱ्याला सुरुवातीलाच सांगायचं की मी हे लिहून घेते आहे. बहुतेकांचा प्रश्न तिथेच संपायचा. अशी वही प्रत्येक कोर्टात ठेवा. दहा रुपयांची असो की दहा पौंडांची, तिच्याइतकं स्वस्त संरक्षण नाही.

वारशानं आलेले करार

पहिल्या तीन महिन्यांत जुन्या खात्यांनी केलेले सगळे मोठे करार उघडून वाचा. वाचा म्हणजे खरोखर वाचा.

तुरुंग आणि प्रोबेशन यांना जोडणारी एकच संगणकप्रणाली गृहखात्यानं हाती घेतली होती. माझ्या गोष्टीतले १४ दिवस तिच्यामुळे पडद्यावर दिसले असते. खर्चाचा अंदाज २३.४ कोटी पौंडांचा होता. नव्या मंत्रालयानं २००७ च्या उन्हाळ्यात तपासलं तेव्हा तो ६९ कोटींवर गेलेला होता. ऑगस्टमध्ये काम थांबवलं आणि पुढे योजना आखडती घेतली. थांबवण्याचा निर्णय मला तेव्हा जिव्हारी लागला, कारण आम्ही त्या प्रणालीची वाट बघत होतो. आज वाटतं, नव्या मंत्रालयाला असा निर्णय पहिल्या काही महिन्यांतच घेता येतो. तोपर्यंत चूक मागच्यांची असते, नंतर ती आपली होते आणि मग कुणी हात लावत नाही. थांबवताना मात्र टेबलावरच्या माणसाला मधल्या काळात काय करायचं ते कळवा. आम्हाला ते कुणी कळवलं नाही, आम्ही फॅक्स करत राहिलो.

वकिली मदतीच्या पैशाबद्दल थोडक्यात. ब्रिटनमध्ये ही मदत १९४९ च्या कायद्यापासून आहे, आणि २००७ च्या सुमाराला तिच्यावर वर्षाला दोन अब्ज पौंडांच्या घरात खर्च होई. काटकसर करायची म्हटलं की नजर तिथेच जाते. पण एप्रिल २०१३ मध्ये बहुतेक कौटुंबिक वाद या मदतीतून वगळले गेले आणि कोर्टात वकिलाविना उभे राहणारे आईबाप वाढले. ज्या सुनावणीला मी अर्धा तास लावला असता तिला दीड तास लावावा लागतो, कारण न्यायाधीशांना प्रत्येक कागद समजावून सांगावा लागतो. एका शीर्षाखाली वाचवलेला पैसा दुसऱ्या शीर्षाखाली खर्च होतोय का, ते बघायला दोन्ही शीर्षं आता तुमच्याच मंत्रालयात आहेत. कपातीच्या प्रस्तावावर लिस्टिंगच्या माणसाचा शेरा घ्या. त्याला तासांचा अंदाज असतो.

फाटकापर्यंत

वीस खटल्यांचा तो लांब कागद कोर्टाच्या निकालावर थांबवू नका, तुरुंगाच्या फाटकाबाहेर न्या. माझ्या मैत्रिणीनं प्रोबेशनमध्ये बरीच वर्षं काढली. ती नेहमी शुक्रवारबद्दल बोलायची. शुक्रवारी दुपारी माणूस सुटतो. प्रोबेशन कचेरी गाठायची, निवाऱ्यासाठी पालिकेच्या खिडकीवर जायचं, औषधाची चिठ्ठी घ्यायची, आणि चार-पाचच्या सुमाराला सगळं बंद होतं ते सोमवारपर्यंत. खिशात सुटकेचे ४६ पौंड. १९९५ पासून ही रक्कम तेवढीच होती, ती ७६ व्हायला २०२१ उजाडलं. शुक्रवारची सुटका दोन दिवसांपर्यंत अलीकडे आणता यावी म्हणून कायदा झाला तो २०२३ मध्ये. कोर्ट, तुरुंग आणि प्रोबेशन एका मंत्र्याकडे आल्याला तेव्हा १६ वर्षं झाली होती.

तुमच्या वीस कागदांवर सुटकेच्या तारखेशेजारी वारही लिहा. आणि वार लिहून झाला की त्या तिघांपैकी प्रोबेशनच्या माणसाला विचारा, त्या दिवशी सुटलेला माणूस कुठे झोपला.